दाजींच्या रंगीत तालमी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे केलं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा होते ती तालीम, आणि तालीम ते धरत नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, सुरक्षेच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथं म्हणे चुकलेल्या माणसाला चूक सुधारायला वेळ मिळत नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीची आधी रंगीत तालीम. आग लागायच्या आधी आग लागल्याची तालीम, मोठे साहेब यायच्या आधी मोठे साहेब आल्याची तालीम. कारखान्यापुरतं हे ठीकच होतं. पण निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं दाजींना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ताईला दाजी दिले. "घड्याळ निदान अधूनमधून बंद तरी पडतं," असं ताई म्हणते.

अर्थात खोड निवृत्तीनंतरची नव्हे. ताईला बघायला यायचे होते तेव्हा मी शाळेत होते. ठरलेल्या रविवारच्या आदल्या रविवारी एक उंच, किडकिडीत तरुण कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या बिल्डिंगसमोर येऊन उभा राहिला. त्यानं घड्याळात बघितलं, वर बघितलं, रुमालानं कपाळ पुसलं आणि आला तसा निघून गेला. आई नर्स होती. रात्रपाळी करून आलेली, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि खालच्या बायकांना सावध राहायला सांगितलं. पुढच्या रविवारी तोच तरुण आईवडिलांच्या मधोमध आमच्या सोफ्यावर. आईनं पोह्यांची बशी हातात देता देता विचारलं, "मागच्या रविवारी आला होतात, तेव्हा वर का नाही आलात?" त्यांच्या वडिलांचा घास हातातच राहिला. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "तेव्हा वर यायचं नव्हतं. रस्ता बघायचा होता." मंडळी गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "मुलगा अर्धवट आहे, पण खोटं बोलत नाही. होकार कळवून टाका." आईचं माणसांचं निदान सहसा चुकत नसे, आणि त्या निदानावर ताईचा संसार उभा आहे.

संसारात तालमींना काय तोटा! महाबळेश्वरला जायचं ठरलं तर आदल्या दिवशी अख्खं घर सामानसुमान घेऊन, मुलांना स्वेटर घालून स्वारगेटच्या स्टँडवर जाणार, ज्या फलाटावर गाडी लागते तिथं उभं राहणार, आणि सगळं नीट झालं म्हणून समाधानानं घरी परत येणार. समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. एकदा स्टँडवरून परतणारी ही वरात बघून त्यांनी विचारलं, "झालं महाबळेश्वर? स्ट्रॉबेऱ्या नाही आणल्यात?" दाजींनी त्यांना दारातच उभं करून तालमीचं महत्त्व समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या मयताची तेवढी करू नका." दाजींना काकांचं बोलणं कधी लागत नाही. ते विचारात पडले होते, आणि काकांचं दार अरुंद आहे असं काहीतरी पुटपुटत होते.

आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे डिसेंबर लागला की आमच्या घरांना ताप चढतो. करंज्या, चकल्या, कुलकुल, केक, येशूजन्माची गव्हाणी, दारातला तारा, नवे कपडे, चर्चमधली गायनं. आमचा सगळ्यांचा नाताळ पहिल्यापासून ताईकडे, आणि ताईकडे म्हणजे तालमीसह. नाताळच्या आधीच्या रविवारी नाताळचं सगळं जेवण एकदा करून बघायचं, बिर्याणीसकट. या एका तालमीबद्दल मात्र घरातल्या कुणी कधी तक्रार केली नाही. कॅरल म्हणणारी तरुण मंडळी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी दाजी मला दाराबाहेर उभं करून एखादं गाणं म्हणायला लावत, म्हणजे ताईला दार उघडून, हसून, फराळाचं ताट पुढं करायला सोपं जाई. माझा आवाज आमच्या चर्चमध्ये नावाजलेला आहे. पाळकसाहेब स्वतः येऊन मला म्हणाले होते की बाई, तुम्ही मनातल्या मनात म्हटलंत तरी देवाला पोचतं. तरी मी दाराबाहेर उभी राहून गात असे, कारण दाजींना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

अशा माणसानं दोन-तीन वर्षांपूर्वी, ऐन नाताळाच्या तोंडावर, घराची भिंत पाडली. त्याला कारण आई होती.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बाबा गेल्यापासून आई त्याच जुन्या घरात एकटी राहत होती, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत. गुडघ्यानं केव्हाच दगा दिला होता. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती भाजीची पिशवी घेऊन जिन्यात मध्येच अडकली. वर जाववेना, खाली उतरवेना. जन्मभर दुसऱ्यांना आधार देऊन चालवणारी बाई पायरीवर बसून राहिली, आणि हाक कुणाला मारली नाही. शेजारणीनं फोन केला तेव्हा आम्हाला कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, "हवा खात बसले होते." मी वाघोलीला राहते. माझ्याकडे लिफ्ट आहे, ताईकडे तर तळमजलाच. पण आईचा जुना नेम, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जायचं, राहायला जायचं नाही. आम्ही दोघींनी विनवलं, रडलो, भांडलो. ती प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" रात्री-अपरात्री फोन वाजला की तो आईच्या शेजारणीचाच असं मला वाटायचं.

दाजींनी विनवलं नाही की भांडले नाहीत. त्यांनी घराचा नकाशा काढला. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली भिंत पाडायची, ती दोन हात सरकवायची, आणि मागच्या खोलीला लागून आईंसाठी बाथरूम काढायची. उंच कमोड, न घसरणारी फरशी, धरायला दांडे. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला सांगायचं, किचन मोठं करतोय. आणि नाताळाला बोलवून चार दिवस त्या खोलीत ठेवायचं. "म्हणजे आईंच्या कायमच्या राहण्याची रंगीत तालीम होईल," दाजी मला म्हणाले. "फक्त आईंना सांगायचं नाही की ही तालीम आहे. एकदा तालीम झाली की मग सोपं असतं."

मिस्त्री वाघोलीच्या पलीकडच्या एका गावचा. दाजींनी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, आज फक्त तालीम, भिंत उद्या पाडायची. तो बिचारा हातोडा घेऊन उभाच. "सायेब, भिंत पाडायची तालीम कशी करायची ओ? पाडली की पडतीच हाय की ती." दाजींनी त्याला हवेत हातोडा मारायला लावला आणि राडारोडा कुठल्या वाटेनं बाहेर जाणार ती वाट रिकाम्या घमेल्यांनी चालवून दाखवली. मिस्त्रीनं दिवसभर रिकामी घमेली वाहिली. संध्याकाळी जाताना तो ताईला हळूच विचारून गेला, "सायबांना औषध-पाणी चालू हाय का?"

भिंत पडली, आणि नवी भिंत बांधायच्या आधी दाजींनी ती जमिनीवर खडूनं आखली. दार कुठं, ओटा कुठं, कपाट कुठं, सगळं खडूत. हे घर काही दिवस वापरून बघायचं आणि सोयीचं वाटलं तरच विटा आणायच्या, असा हुकूम निघाला. त्यामुळे डिसेंबरभर ताईच्या घरात खऱ्या भिंती कमी आणि खडूच्या जास्त होत्या, आणि दाजी खडूच्या भिंती जास्त मानत. मी करंज्या लाटायला गेले आणि चकलीच्या डब्याकडे सरळ हात केला, तर दाजी ओरडले, "अगं, भिंतीतून काय जातेस! दारातून ये." मी मुकाट्यानं वळसा घालून खडूच्या दारातून आत गेले. समोरचे काका साखर मागायला आले तेव्हा त्यांनी त्या रेघेशी थांबून, बोट वाकवून हवेत टकटक केली आणि गंभीरपणे विचारलं, "येऊ का? की कडी लावलीय?" ताई एका हातानं सारण भाजत होती आणि दुसऱ्या हातानं परातीवर ओढणी धरत होती, कारण मिस्त्री पलीकडे फरशी कापत होता. त्या वर्षीच्या करंज्यांवर पिठीसाखर किती आणि सिमेंट किती, हे देवच जाणे. सगळ्यांनी खाल्ल्या आणि सगळे ठणठणीत राहिले.

बाथरूम मात्र खरोखरची झाली. भिंतीला फरश्या लागल्या, कमोड बसला, चकचकीत दांडे ठोकले गेले. आता आईंचं येणं दोन दिवसांवर आलं होतं, आणि दाजींना शेवटची तालीम हवी होती. आईंना हे सगळं कसं वाटेल ते बघायचं तर कुणीतरी आई व्हायला हवं. ते काम त्यांनी माझ्यावर किंवा ताईवर सोपवलं नाही, कारण आम्ही दोघी म्हणे आईच्या मुली, आम्हाला तिच्याकडे तटस्थपणे बघता येणार नाही. ते स्वतः आई झाले. ताईचा गाऊन चढवला, कारण गाऊन पायात येतो का ते कळायला हवं. उजव्या गुडघ्याभोवती वर्तमानपत्रांची जाड गुंडाळी ठेवून ती ओढणीनं करकचून बांधली, म्हणजे पाय वाकणार नाही. चष्मा काढला. आणि मला म्हणाले, "तू मी हो."

मी दाजी झाले. ताई हसू आवरायला ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मिस्त्री थापी हातात घेऊन बघत राहिला. दाजी पाय ओढत, दांड्याला धरून, कण्हत कमोडपर्यंत गेले, बसले, उठले, आणि तसेच पाय ओढत पलंगावर येऊन टेकले. चाल हुबेहूब आईची होती. मग त्यांनी मला खूण केली. मी घसा साफ करून म्हटलं, "आई, आता इथंच राहा."

"मला काय धाड भरलीय?" दाजी आईच्या आवाजात म्हणाले.

"आई, तिकडे जिना आहे. तुम्हाला झेपत नाही."

"तुमच्या लग्नाआधीपासून चढतेय तो जिना."

"आम्हाला काळजी वाटते हो."

"मग काळजी करा. मी नको म्हटलंय का?"

मी सगळं करून बघितलं. ताईच्या ब्लडप्रेशरचं निमित्त सांगितलं, नातवंडांचं नाव पुढं केलं, शेवटी बाबांची आठवण काढली. दाजी बधेनात. आई जे जे म्हणाली असती ते ते त्यांना पाठ होतं, आणि माझ्या तोंडी दिलेलं त्यांचं स्वतःचं बोलणं त्यापुढे टिकत नव्हतं.  गाऊनमध्ये, एक पाय ताठ पुढं करून बसलेले दाजी एकदम थकल्यासारखे दिसले. आपल्याच आवाजात म्हणाले, "नाही राहायच्या गं त्या. मला मीच पटवू शकत नाही." इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण हात टेकलेले दाजी मी त्या दिवशीच बघितले. 

"उजवा नाही. डावा."

आम्ही सगळे वळलो. दारात आई उभी होती. खऱ्या दारात. हातात केकचं मिश्रण भरलेला मोठा स्टीलचा डबा. आमच्याकडे नाताळचा केक घरी कालवायचा आणि भाजायला बेकरीच्या भट्टीत द्यायचा, ही जुनी पद्धत. खडकी बाजारातल्या एका बेकरीवर आईचा विश्वास. दर वर्षी ताई तिच्याकडून डबा आणून तिथं देते. या वर्षी लेकीच्या घरी काम निघालंय, तिला कशाला त्रास, म्हणून बाईसाहेब तिसरा मजला उतरून, रिक्षा करून स्वतःच आल्या होत्या. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा बघून एवढं कळत होतं की पुष्कळ ऐकलेलं आहे.

"माझा डावा गुडघा दुखतो," आई म्हणाली. "इतकी वर्षं बघताय ना?"

दाजी गाऊनसकट उभे राहिले. "मी समोरून बघत आलोय आई," ते म्हणाले. "तुम्ही समोर बसता. मला तो उजवाच दिसतो."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली, कारण त्याला पुढचं सगळं कळलं होतं. पाय डावा दुखत असेल तर आधार उजव्या हाताला हवा. दांडे डाव्या हाताला होते. उजव्या हाताला नुसती कोरी भिंत होती आणि पुढं वॉशबेसिन. घमेली वाहण्यापासून चकलीच्या डब्यापर्यंत सगळ्याची तालीम घेतलेल्या माणसानं अख्खी बाथरूम चुकीच्या पायासाठी बांधली होती. ताईनं कपाळाला हात लावला. आईनं डबा ओट्यावर ठेवला, बाथरूमच्या दारात जाऊन आत एकदा नजर फिरवली, आणि मला म्हणाली, "चल, बेकरी बंद व्हायच्या आत डबा देऊन येऊ." येताना-जाताना त्या विषयाचं अवाक्षर तिनं काढलं नाही. 

नाताळ झाला. खडूच्या भिंतींच्या घरात आम्ही सगळे दाटीवाटीनं जेवायला बसलो, कुणाचं पान स्वयंपाकघरात, कुणाचं भिंतीवर. आई मागच्या खोलीत झोपत होती आणि नव्या बाथरूममध्ये दाराची चौकट धरून जात होती. दांड्यांना तिनं हात लावला नाही. दाजींनी या दिवसांत कसलीही तालीम घेतली नाही. केकच्या वेळी ते मागं खुर्चीवर बसून राहिले, आणि सगळं जरा पोरकं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पिशवी भरली. रिक्षा दारात येऊन थांबली. आत मिस्त्री उजव्या बाजूच्या फरश्या फोडत होता, कारण आई राहो न राहो, चुकीचं काम तसंच ठेवणं दाजींच्यानं होणार नव्हतं. आई पिशवी घेऊन निघाली. दाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.  नुसते उभे. आईनं त्यांच्याकडे बघितलं, वळून बाथरूमकडे बघितलं. आतून मिस्त्रीनं हाक मारली, "सायेब, ह्यो दांडा कुठं घ्यायचा?"

 आई पिशवीसकट आत गेली. कमोडचं झाकण लावून त्यावर बसली, आणि उजवा हात सहज जाईल तिथं भिंतीवर टेकवला. "इथं," ती म्हणाली. मिस्त्रीनं पेन्सिलीनं खूण केली. आई तिथूनच, आमच्याकडे न बघता म्हणाली, "यांच्या भरवशावर सोडलं तर पुन्हा उलटं करून ठेवतील. त्या रिक्षावाल्याला जायला सांगा. काम संपेपर्यंत थांबते मी."

ताई तिथंच रडायला लागली. मला वाटतं मीही. दाजी रिक्षावाल्याला सांगायला धावत बाहेर गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या दिवसापासून दाजींचं काम संपलेलं नाही. भिंत उभी राहिली, रंग झाला, दांडे जागच्या जागी बसले, आणि तरी संपलेलं नाही. वॉशबेसिनच्या वर एक फरशी बसायची राहिली आहे. तिथं सिमेंट उघडं दिसतं, आणि नेमक्या त्या रंगाची फरशी, दाजी सांगतात, पुण्यात मिळत नाही. कपाटाला एक दार आहे, एक नाही. मिस्त्री महिन्या-दोन महिन्यांनी येतो, काहीतरी ठोकतो, आईच्या हातचा चहा पितो आणि काहीतरी अर्धवट ठेवून जातो. त्यालाही आता सगळं माहीत आहे. समोरचे काका म्हणतात, "मेट्रो खडकीपर्यंत आली, तुमची बाथरूम काही होईना." ताई हसते. आई हसत नाही. ती मिस्त्रीला दोन शब्द सुनावते, आजकालच्या कारागिरांबद्दल बोलते, आणि जुन्या घराची किल्ली अजून आपल्याच पिशवीत ठेवते.

गेल्या नाताळला मी गेले तेव्हा ती बरीच थकलेली दिसली. आता दोन्ही गुडघे दुखतात, आणि दांडे दोन्ही बाजूंना आहेत. दुपारी सगळे आडवे झाले होते. दाजी तिला धरून बाथरूममधून खोलीकडे आणत होते, अगदी हळू, तिच्या पावलानं. मधेच ती थांबली. दम खाल्ला. त्या रिकाम्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, किती राहिलंय अजून?"

दाजी लगेच म्हणाले, "पुष्कळ राहिलंय, आई. पुष्कळ राहिलंय."